डाव्या अंगठ्याची सही

मागच्या महिन्यात कणकवलीकडच्या एका बाईंचा फोन आला. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. त्यांच्या दिराच्या मनगटावर कोयत्याचा घाव बसला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि "आता पुढे काय काय करायचं असतं?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी चाळीस मिनिटं बोलले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्म्या गोष्टी राहिल्याच. म्हणून हे लिहून ठेवते आहे. लिहिते म्हणजे बोलते. टाइप फोन करतो. एखाद्या मालवणी शब्दाचं त्याने भलतंच काही केलेलं दिसलं तर सांभाळून घ्या.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. आदल्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती, देवळातून यायला उशीर झाला होता. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात मी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई, दोघीच असतो. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, दोन दिवसांपूर्वी माडांवर चढून गेला होता. सकाळी साडेसातला वही घेऊन मी परड्यात नारळ मोजायला गेले. चार-पाच नारळ घरंगळून गडग्यापलीकडे, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधापलीकडे गेले होते. ते उचलायला वाकले तेवढ्यात शेजारी आला. शब्दाला शब्द लागला. त्याच्या हातात कोयता होता. आमच्याकडे सकाळच्या वेळी परड्यात कुणाच्याही हातात तो असतोच. पहिला वार खांद्यावरून निसटला. दुसऱ्याला मी उजवा हात आडवा घातला.

त्या दोन मिनिटांबद्दल एवढं पुरे.

कारण मात्र सांगायला हवं, कारण ते मला आजही नक्की माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये एका साप्ताहिकात मी गावाजवळच्या चिरेखाणीवर लिहिलं होतं. खाण संपल्यावर खड्डा तसाच उघडा टाकलेला, पावसात पाण्याने भरलेला, आणि शेजारून शाळेची वाट. शेजाऱ्याच्या मेहुण्याचे ट्रक तिथे चालायचे. पेपरात "लेखिकेवर हल्ला" असं छापून आलं. शेजारी पोलिसांना म्हणाला, गडग्यावरून झालं. गडग्याचा वाद आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे, तेव्हा तेही खोटं म्हणवत नाही. भाच्याने मला एकदा हॉस्पिटलात ऑगस्ट २०२२ मधली सलमान रश्दींवरच्या चाकूहल्ल्याची आठवण करून दिली, दुसऱ्या कुणी फेब्रुवारी २०२३ मध्ये जीव गमावलेल्या राजापूरच्या पत्रकार शशिकांत वारिशेंचं नाव घेतलं. मला लाज वाटली. माझ्या पाच नारळांना त्या रांगेत बसवू नका, असं मी दोघांनाही सांगितलं.

पहिली धावत आली ती शेजाऱ्याचीच वहिनी. तिने डोक्याचा पंचा सोडला, घडी करून मनगटावर दाबून धरला आणि माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला, म्हणजे तो आपोआप उंच राहिला. "बाये, डोळे मिटा नको, माझ्याशी बोलत ऱ्हव." कुणीतरी सुंभ आणून दंडाला आवळायला निघालं होतं, तिने हटकलं. नंतर डॉक्टर म्हणाले, बरं केलं. दाबून धरणं आणि हात वर ठेवणं हेच करायचं असतं. पुढे तिने पोलिसांत जबाबही दिला. तिच्या घरात त्याचं काय झालं असेल ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

जवळच्या सरकारी दवाखान्यात जखम बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि एमएलसी, म्हणजे पोलीस केस असल्याची वैद्यकीय नोंद, केली. ही नोंद महत्त्वाची. कुणी मारलं, कशाने, किती वाजता, हे तिथे जे सांगाल ते कागदावर चढतं आणि पुढे कोर्टात वाचलं जातं. सोबत आलेल्यांपैकी एकजण "पडली म्हणान सांगा, उगाच झंझट नको" असं कुजबुजत होता. भाच्याने त्याला बाहेर बसवलं.

मग १०८ने बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. सिंधुदुर्गात मोठं काही झालं की माणसं कोल्हापूर किंवा बांबोळी म्हणतात; आम्हाला गोवा जवळ. आरोंदा, पेडणे, म्हापसा, मांडवीचा पूल. मला फक्त पूल आठवतो, कारण भाचा म्हणाला, "पोचलो गो मावशी."

ऑपरेशन चार तास चाललं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटणारी टेंडन्स, मनगट वाकवणारं एक, एक धमनी आणि अल्नर नावाची नर्व्ह. आपण मराठीत सगळ्यालाच "शीर तुटली" म्हणतो, आणि त्यामुळे घोटाळा होतो. टेंडन म्हणजे दोरी. ती शिवली की सहा आठवडे जपायची, बारा आठवडे जड काही उचलायचं नाही. नर्व्ह म्हणजे वायर, पण ती शिवली तरी लगेच दिवा लागत नाही. आतले तंतू नव्याने वाढत पुढे जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर मी डाव्या हाताने मोजलं. सतरा-अठरा सेंटिमीटर. म्हणजे सहा महिने, तेही सगळं सुरळीत झालं तर. हा हिशेब पहिल्याच आठवड्यात कळला ते बरं झालं, नाहीतर मी जानेवारीतच हाय खाल्ली असती.

पोलीस माझा जबाब घ्यायला २१ तारखेला आले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, सगळी माणसं बंदोबस्ताला. तोवर फिर्याद भाच्याच्या नावाने नोंदली गेली होती आणि आरोपीला १७ला अटकही झाली होती. हवालदारांनी दीड तास माझं ऐकून घेतलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं, वाचून दाखवलं. शेवटी पेन पुढे केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"बाई, अंगठो द्या. डावो चलात."

त्यांनी शाईचा पॅड धरला, मी अंगठा टेकवला. खाली त्यांनी लिहिलं: निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तीस वर्षं वर्तमानपत्रांना मजकूर पाठवणारी बाई. मला हसू आलं आणि हसताना खांद्याचे टाके ओढले गेले. पुढचे तीन महिने बँक, पोस्ट, कोर्ट सगळीकडे हाच अंगठा चालला. बँकेत आधीच अर्ज देऊन अंगठ्याची नोंद करून घ्या. मी केली नव्हती म्हणून पेन्शन दोन महिने काढता आली नाही.

कागदांबद्दल जे उशिरा कळलं ते इथेच सांगते. एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला फुकट मिळते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचं असतं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तसं लिहिलेलं आहे, आणि हे आपल्याला माहीत आहे असं सौम्यपणे दाखवलं की कळवतातही. दुखापतीचं सर्टिफिकेट गोव्यातून यायचं होतं, त्यासाठी पोलिसांचं पत्र तिकडे जायला हवं होतं, आणि ते पत्र आठवडाभर एका टेबलावर होतं. भाचा तीनदा जाऊन आला. हे सर्टिफिकेट येईपर्यंत कलम दुखापतीचं होतं. "गंभीर" असा शेरा आल्यावर भारतीय न्याय संहितेचं ११८(२), म्हणजे हत्याराने गंभीर दुखापत, आणि १०९ लागलं. १०९ म्हणजे जुनं ३०७, खुनाचा प्रयत्न. पत्रकार संरक्षण कायदा, २०१७चा, मला लागू होईल असं बऱ्याच जणांनी सांगितलं. वकीलबाईंनी व्याख्या वाचून दाखवली: माध्यम संस्थेत नेमणुकीवर किंवा करारावर काम करणारा, मुख्य व्यवसाय पत्रकारिता. मी निवृत्त शिक्षिका, लेखाला अडीचशे रुपये मिळतात, तेही मनिऑर्डरसारखे कधीतरी. विषय संपला. वकीलबाई मात्र फुकट मिळाल्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

२४ नोव्हेंबरला घरी आले. आईने कोयता माळ्यावर टाकून दिला होता. आडाळ्यावर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, गोणपाट घातला होता. नारळ ती परड्यातल्या दगडावर आपटून फोडत होती आणि खोबरं सुरीच्या टोकाने काढत होती, ते मला दिसू नये म्हणून मागच्या दाराला. आम्ही दोघी त्याविषयी एक अक्षर बोललो नाही. पंधरा दिवस आमच्या घरात खवलेलं ओलं खोबरं घातलेलं काही शिजलं नाही. कोकणात राहणाऱ्याला हे किती अवघड आहे ते कळेल.

हाताला पाठीकडून प्लास्टिकचा स्प्लिंट, मनगट वाकलेलं, बोटं आत. त्याचे अठराशे रुपये झाले. व्यायाम पाचव्या दिवसापासून सुरू: डाव्या हाताने उजवी बोटं मिटायची, मग स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ करायची, तासाला दहा वेळा. हलवलं नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटतं, जोराने हलवलं तर शिवण सुटते. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "काकू, आळस पण नको नि उत्साह पण नको." मी उत्साहातली. तिसऱ्या आठवड्यात कपाची कडी धरून पाहिली आणि रात्रभर घाबरून जागी राहिले. नशीब, काही तुटलं नव्हतं.

तीन जानेवारीला स्प्लिंट सुटला. आतून निघालेला हात माझा नव्हता. करंगळी आणि शेजारचं बोट आकड्यासारखं वळलेलं, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग बसलेला. डॉक्टरांनी एक कागद दिला, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून ठेवा म्हणाले आणि हलकेच ओढला. कागद निसटला. अंगठा नुसता वाकडा झाला. ही तपासणीची नेहमीची रीत आहे, त्यांनी रोज दहा जणांची केली असेल. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि रडले. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

मग सुरू झालं ते कंटाळवाणं काम. आठवड्यातून तीनदा सावंतवाडीला फिजिओ, एका वेळचे तीनशे रुपये, एसटीचं अर्धं तिकीट. गरम मेणात हात, मऊ लगदा चेपणं, कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं. आणि संवेदना जागी करायला वेगवेगळ्या वस्तूंवर हात घासणं: कापूस, मग टर्किश टॉवेल, मग धान्य. आईने परातीत उकडा तांदूळ काढून दिला आणि त्यात पाच-सहा काजू लपवले. डोळे मिटून शोधायचे. सापडला तर खायचा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिने लहान मुलीला खेळवावं तसं मला खेळवलं. फेब्रुवारीपासून रविवारी सकाळी भाचा सागरेश्वरला घेऊन जायचा. ओल्या रेतीत मनगटापर्यंत हात खुपसून बसायचं. भरतीच्या पाण्याने रेती घट्ट होते तेव्हा बोटांना जास्त काम पडतं; हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आपलं आपण कळलं.

दर महिन्याला डॉक्टर मनगटापासून पुढे बोटाने टिचक्या मारत जायचे. जिथे मुंग्या आल्या तिथवर नर्व्ह पोचली. तिथे पेनाने खूण. घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात आकडा लिहायचे, डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखा. फेब्रुवारी साडेचार सेंटिमीटर, मार्च सात.

एक इशारा. ज्या बोटाला कळत नाही ते भाजतं. मार्चमध्ये भाकरी थापताना करंगळी तव्याला टेकली आणि मला वासाने कळलं. चुलीपाशी, चहाच्या कपापाशी आधी डावा हात लावून बघायचा.

हाताचं हे असं दिसत तरी होतं. दुसरं दिसत नव्हतं. डिसेंबरात जत्रेचे दिवस, गावात दशावताराचे खेळ. आणि मी घरात कड्या लावून. शहाळंवाल्याच्या गाड्यावर कोयत्याचा "खच्" असा आवाज झाला की माझे पाय जायचे. एकदा वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे कापणाऱ्या बाईसमोरच मी खाली बसले. लोकांना वाटलं साखर उतरली, कुणीतरी गोळी चघळायला दिली. रात्री अडीचला जाग यायची, रोज, घड्याळ लावल्यासारखी. जानेवारीतल्या अशाच एका रात्री १४४१६ला फोन केला, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. पलीकडच्या मुलीने मराठीत विचारलं, आत्ता सुरक्षित आहात का, घरात कोण आहे. मग म्हणाली, बोला. मी बोललेच नाही, दहा मिनिटं तशीच धरून बसले, तीही बसली. दोन दिवसांनी ओरोसला मानसोपचार ओपीडीत गेले. गोळी सुरू झाली. ती लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. सोबत समुपदेशन. त्यात आम्ही आवाजांची उतरंड बनवली: आधी नुसतं सुपारी कातरण्याचा अडकित्ता, मग विळी, मग लांबून शहाळं, मग जवळून. सगळ्यात शेवटी कोयता. एकेक पायरी, घाई नाही.

या काळात सगळ्यात जास्त ऐकलेला सल्ला म्हणजे "तू लिवतंस मां? मग लिव, मोकळी होशीत." लिहिणाऱ्या माणसाला लोक हा सल्ला सहज देतात, जसं काही आत एक नळ असतो. मला आठ महिने एक ओळ सुचली नाही आणि सुचावी असं वाटलंही नाही. समुपदेशक बाईंना मी हे जरा चिडूनच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग नका लिहू." त्या दिवशी मला झोप लागली.

मार्चमध्ये तालुक्यात एका संस्थेने सत्कार ठेवला. नको म्हटलं, तरी नेलंच. शाल दिली, मग श्रीफळ उजव्या हातात ठेवलं. बोटांना ते पेललं नाही. नारळ सुटला तो व्यासपीठावरून पायऱ्या उतरत थेट पहिल्या रांगेत. एक म्हातारे गृहस्थ उठून घेऊन आले आणि म्हणाले, "डाव्यान घे गो." टाळ्यांपेक्षा तेवढंच बरं वाटलं.

दोषारोपपत्र फेब्रुवारीत दाखल झालं, नव्वद दिवस भरायला दोन दिवस असताना. मार्चअखेर जामिनाचा अर्ज आला. पीडितालाही जामिनाच्या वेळी म्हणणं मांडता येतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे, आम्ही मांडलं. जामीन झाला, गावात यायचं नाही या अटीवर. त्या रात्री परत अडीचला जाग. पण या वेळी मी उठून चहा केला, आईनेही घेतला. नुकसानभरपाईचा अर्ज एप्रिलमध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दिला: एफआयआर, बिलं, दाखले, पासबुक. औषधं, स्प्लिंट, फिजिओ, गाडीभाडं मिळून तोवर चौसष्ट हजार झाले होते. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती ठेवा, रिक्षाचं सुद्धा लिहून ठेवा. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. आमची सुनावणी झाली, आदेश यायचा आहे. अपंगत्वाचा दाखलाही काढला. सवलतींसाठी चाळीस टक्के लागतात, माझे बावीस भरले. टेबलापलीकडच्या क्लार्कना माझ्यापेक्षा वाईट वाटलं.

राहिली वही. परड्यातली ती वही पंचनाम्यात जप्त झाली होती, मुद्देमाल म्हणून. सहा महिने मी मनाशी म्हणत होते की त्या वहीत चिरेखाणीच्या पुढच्या लेखाचं टिपण आहे, चांगलं जमलेलं, आणि ते मिळालं की गाडी रुळावर येईल. वकीलबाईंनी कोर्टात अर्ज केला. सरकार पक्षाने प्रत ठेवून घ्यायला सांगितलं, मी हमीपत्र लिहून दिलं, अंगठा नव्हे, सही केली. वाकडी, पण सही. १९ जूनला वही ताब्यात मिळाली. बाहेर धो धो पाऊस. खाकी कागद, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पंचनाम्यात तिचं वर्णन होतं: "एक दोनशे पानी वही, त्यात नारळाचा हिशेब."

आणि खरंच तेवढंच होतं. टिपण बिपण काही नाही. माडांचे आकडे, खाली एकूण बासष्ट, आणि शेवटी एक ओळ: पाडेली, सात माड, देणे २८०.

पाडेलीचे पैसे द्यायचेच राहिले होते. सात महिन्यांत तो एकदाही मागायला आला नव्हता. माडांवरचे नारळही कुणी काढले नव्हते, सुकून आपोआप पडत होते. पावसात तो चढत नाही. दिवाळी संपल्यावर मी भाच्याला त्याच्याकडे पाठवलं. तो आला तो कमरेचा कोयता पंच्यात गुंडाळून, दारात न येता बेड्याशीच, म्हणजे फाटकाशीच उभा.

"बाय, तू घरात बस. मी काढून ठेवतंय."

मी म्हटलं, आधी मागचे घे. २८० रुपये उजव्या हाताने मोजून दिले. दहाच्या नोटा चिकटत होत्या, वेळ लागला, तो थांबला. मग त्याने पंचा सोडला. मी परड्यात खुर्ची टाकून बसले, गडग्याकडे तोंड करून. वरून पहिला "खच्" आला तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरले. करंगळीसुद्धा मिटली होती, हे नंतर लक्षात आलं. आई मागच्या दारातून ओरडत होती, "गडग्याच्या तकडे उडव नको रे, हय टाक, हय!"

अठ्ठावन्न निघाले. एक शहाळं त्याने तिथेच फोडून दिलं.